लव्हाळ्याच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या कुळाला

भूम तालुक्यातल्या आमच्या ईटला कुणी घरामागच्या सावलीत शोभेचा मोथा लावायचं म्हटलं, की पहिला विरोध शेतकऱ्याकडूनच होतो. 'रानातला लव्हाळा काढता काढता जन्म गेला, आता त्याचा भाऊबंद घरात आणायचा का?' हा सवाल मी पारावर ऐकला आहे, रोपवाटिकेच्या दारात ऐकला आहे. ज्या सुनेनं हौसेनं कुंडी मागवली तिच्या सासऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. 'मामा, हा लव्हाळा नाही,' असं तिनं म्हणायचं आणि मामांनी मान फिरवायची. पुढे ती कुंडी उकिरड्याच्या कडेला वाळून जायची.

हा सवाल करणारी माणसं अडाणी नाहीत. आयुष्य रानात घालवून त्यांनी हे मत बनवलं आहे, म्हणून त्यांना हसण्यावारी नेणाऱ्यांत मी नाही. पण त्यांचं म्हणणं चूक आहे आणि ते का चूक आहे हे सविस्तर सांगितलं पाहिजे. लव्हाळ्याची भीती उन्हातल्या रानात खरी आहे. तीच भीती उचलून घरामागच्या सावलीत आणली की ती खोटी ठरते, आणि या खोट्या भीतीपायी आपण घरातली सगळ्यात राबती जागा चिखलाला सोडून दिली आहे.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो. काळ्या रानाचे तीन हाडवैरी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मोजले जातात: कुंदा, हराळी आणि लव्हाळा. तिघांत लव्हाळा दिसायला सगळ्यात गरीब. वरून चार हिरवी पाती आणि एक तांबूस तुरा. पण जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते, एका गाठीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. खुरप्यानं वरचं पान तुटतं, गाठ खालीच राहते आणि चार दिवसांत पुन्हा कोंब वर येतो. अमेरिकी तणशास्त्रज्ञ लीरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर ग्रंथ काढला, त्यात पहिला क्रमांक या लव्हाळ्याला दिला. ९२ देशांत आणि ५२ पिकांत त्याचा त्रास त्यांनी नोंदवला. ऊसवाल्यांना आज हॅलोसल्फ्युरॉनसारखं महागडं तणनाशक मारावं लागतं ते याच्याचसाठी. आणि ज्यांच्याकडे तणनाशकाला पैसे नाहीत त्यांच्या घरच्या आणि मजुरीच्या बायका उन्हात बसून खुरपतात. म्हणजे लव्हाळ्याचा खरा हिशेब बायकांच्या कमरेकडून आणि बोटांकडून विचारायला हवा. ज्या हातांनी सोयाबीनमधून त्याच्या गाठी वेचल्या, त्या हातांना 'त्याच्याच कुळातलं झाड लाव आणि पाणी घाल' म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं.

पण कुळ म्हणजे काय, तेही बघितलं पाहिजे. मराठी विश्वकोशात ज्याला मुस्तक कुल म्हटलं आहे त्यात जगभरात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. इजिप्तमध्ये ज्याच्या देठांपासून लिहायचे पट बनले ते पपायरस याच कुळातलं. तमिळनाडूतल्या पट्टमडईच्या तलम चटया आणि बंगालमधल्या मेदिनीपूरची मादुरकाठी विणली जाते तीही याच कुळातल्या देठांपासून. चिनी जेवणात कुरकुरीत फोडी लागतात त्या पाणकंदाचं कुळही हेच. गवताशी या सगळ्यांचा गोंधळ होतो, पण ओळख सोपी आहे: देठ चिमटीत धरून फिरवला की बहुतेकांच्या तीन कडा बोटाला लागतात, गवताची काडी गोल लागते. साडेपाच हजारांतली एक जात रानाची वैरी निघाली म्हणून साऱ्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचं, तर हाच न्याय वांग्याच्या कुळाला लावा. धोतरा त्याच कुळातला आहे. धोतरा विषारी म्हणून आपण वांगी, टोमॅटो आणि मिरची टाकून दिली का?

यावर सासरेबुवांचं उत्तर मला ठाऊक आहे. 'वांग्याचा धोतरा होत नाही, पण मोथ्याचा लव्हाळा होईल.' होत नाही. रोपवाटिकेत 'अंब्रेला पाम' म्हणून जे झाड मिळतं त्याबद्दलच मी बोलतो आहे. ते पाम नाही, मोथ्याच्याच गणातलं आहे. मूळचं आफ्रिका आणि मादागास्करकडचं. हिरवे सरळ देठ, कमरेपासून छातीपर्यंत उंच, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली पानं. या झाडाला गाठी नसतात. त्याचा आखूड, जाड कंद एका जागी ठाण मांडतो, दरवर्षी थोडा रुंदावतो आणि कुदळीच्या एका घावात अख्खा उपटून निघतो. जमिनीखालून दहा हातांवर डोकं वर काढायची कला त्याला अवगत नाही. लव्हाळ्याचा सगळा दरारा ज्या अवयवावर उभा आहे, तो अवयवच इथे नाही. मग भीती नेमकी कशाची?

आता सावलीचं बोलू. माझ्या मते या वादाचा निकाल इथेच लागतो. लव्हाळा उन्हाचा लोभी आहे. उष्ण, उघड्या रानात भरपूर उजेड खाऊन अन्न बनवायची जी खास रीत मका, ज्वारी आणि ऊस यांच्याकडे आहे, तीच लव्हाळ्याकडे आहे. भर उन्हात ही रीत त्याला जिंकवते. उजेड कमी झाला की तीच रीत तोट्याची ठरते: पानं लांबट, फिकट होतात, आणि मुख्य म्हणजे नव्या गाठी भरायला अन्न उरत नाही. अंब्रेला पामची रीत साधी, सावलीतल्या झाडांसारखी. म्हणून तो दुपारचं ऊन न पोचणाऱ्या भिंतीआडही हिरवागार राहतो.

यासाठी कुणी प्रयोगशाळेत जायला नको. आमच्याकडचा प्रत्येक ऊसवाला हे जाणतो. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने लव्हाळा छळतो. बांधणी झाली, उसाची पानं सरीवर एकमेकांत मिळाली आणि खाली अंधार पडला, की तो आपोआप दबतो. दाट ताग पेरून लव्हाळा मारायची जुनी युक्ती याच तत्त्वावर चालते. सावली हे लव्हाळ्यावरचं औषध आहे हे ज्यांना रानात पटलेलं आहे, तीच माणसं घरामागच्या सावलीत लव्हाळा माजेल म्हणून घाबरतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

तरीही गावातल्या अनेक अंगणांत लव्हाळा आहे, हे खरं. तो आला कुठून? मातीतून. शेणखताच्या ट्रॉलीतून, नदीकाठच्या पोयट्यातून, रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीतून. आणि सगळ्यात जास्त त्या हिरवळीच्या चौकोनी तुकड्यांतून, जे गेल्या काही वर्षांत नव्या बंगल्यांपुढे आणि मंगल कार्यालयांपुढे अंथरले जातात. त्या तुकड्याखालच्या बोटभर मातीत गाठी असतात. वर पाणी आणि ऊन दोन्ही मिळतं. वर्षाच्या आत हिरवळीतून लव्हाळ्याचे तुरे डोकं काढतात. बीपासून लव्हाळा क्वचितच उगवतो, त्याचा सगळा प्रवास गाठींचा आहे. ज्यांनी असली हिरवळ पैसे मोजून आणली, त्यांनी तरी अंब्रेला पामवर बोट ठेवू नये. शिवाय कडुनिंबाखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत ही हिरवळ जगतही नाही. तिला ऊन लागतं. सावलीत ती पिवळी पडते, मग टक्कल पडतं, मग तिथे फरशी बसवली जाते. सावलीच्या जागेचं असं वाटोळं मी खूप घरी पाहिलं आहे.

अंब्रेला पाम मात्र मातीचा कणही न आणता घरी आणता येतो. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एखाद्याच्या घरचा जून देठ घ्या. छत्रीखाली चार बोटं देठ ठेवून बाकीचा कापा. छत्रीची पानं कात्रीनं निम्मी छाटा. मग ही छत्री उलटी करून, म्हणजे देठ वर आणि पानं खाली, स्वच्छ पाण्याच्या बरणीत सावलीत ठेवा. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यातून पांढरी मुळं आणि इवले कोंब फुटतात. नदीकाठी देठ वाकून छत्री पाण्याला टेकली की निसर्गात हेच होतं, आपण फक्त ते बरणीत करतो. माती नाही म्हणजे गाठ नाही, गाठ नाही म्हणजे लव्हाळा नाही. पुढे लावायला जी माती घ्याल ती मे महिन्यात पत्र्यावर पातळ पसरा, गाठी दिसतील तेवढ्या वेचा आणि उरलेली माती दहा-पंधरा दिवस उन्हात कोरडी ठणठणीत होऊ द्या. सुकलेली गाठ मरते. उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापवायची आपली रीत त्याचसाठी आहे. जी काळजी एकरभर रानात घेता येत नाही, ती दोन पाट्या मातीत सहज घेता येते.

दुसरा आक्षेप पाण्याचा आहे, आणि तो मला जास्त जिव्हारी लागतो. 'दुष्काळी मुलखात पाणपिऊ झाड लावणं पाप आहे.' आमच्या पट्ट्यात पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात, तोही दरवर्षी खात्रीचा नाही. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी घागरीसाठी टँकरमागे धावलेल्या बाईला 'मोथ्याला पाणी घाल' म्हणायची हिंमत माझ्यात नाही. प्यायच्या पाण्यावर, बोअरच्या पाण्यावर शोभेचा मोथा जगवायचा असेल तर माझा त्याला विरोधच आहे.

पण घरात आलेलं पाणी जातं कुठे? जलजीवन मिशननं ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घरात पावणेतीनशे लिटर. पाणी वापरलं की त्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, असा पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. म्हणजे दोनशेवीस लिटर. संडासाचं पाणी त्यातून वजा करा, तरी न्हाणी, धुणं आणि भांडी मिळून दीडशे लिटरच्या आसपास पाणी रोज मोरीतून बाहेर पडतं. पाणी कमी मिळत असेल तर हा आकडा निम्मा धरा. ते पाणी घरामागे साचतं, गल्लीत वाहतं, शेजाऱ्याशी भांडण लावतं. आता दुसरी बाजू. मे महिन्याच्या उन्हात आमच्याकडे उघड्या पाण्याची वाफ दिवसाला दहा-बारा मिलिमीटर होते, म्हणजे एका चौरस मीटरमागे दहा-बारा लिटर. सावलीत त्याहून कमी. दोन चौरस मीटरचा मोथ्याचा वाफा धरला तरी रोजच्या सांडपाण्यातला लहानसा हिस्साच तो पिईल. पाप असेल तर ते हे पाणी चिखल करून वाया घालवण्यात आहे.

आणि मोथा ते पाणी नुसतं पीत नाही. पश्चिम जर्मनीत प्लोन इथल्या संस्थेत केटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात सांडपाण्यात पाणवनस्पती वाढवून ते पाणी निवळतं का, याचे प्रयोग सुरू केले. त्यांनी ज्या वनस्पतीवर सर्वाधिक भर दिला ती याच मुस्तक कुळातली होती. मुळांच्या जाळ्यात गाळ अडकतो, मुळांवरचे जिवाणू साबणाचा आणि खरकट्याचा मळ फोडतात, झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद उचलतं. आज जगभर खडी-वाळूच्या वाफ्यात झाडं लावून सांडपाणी गाळतात, त्याची एक सुरुवात तिथली. उष्ण देशांत त्या वाफ्यात अंब्रेला पाम आणि पपायरस आवर्जून लावतात.

आपल्याकडे स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गावोगाव शोषखड्ड्यांवर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण काळ्या मातीत शोषखड्डा हळूहळू पाणी पितो. ओली झाली की ती माती फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. वरून साबणाची साय आणि तेलकट खरकटं खड्ड्याच्या खडीवर बसलं की तो तुंबतोच. मोरीतून पाणी थेट खड्ड्यात न सोडता आधी गुडघाभर खोल, खाली खडी आणि वर वाळू असलेल्या वाफ्यातून जाऊ द्या. त्या वाफ्यात हाताहाताच्या अंतरावर मोथ्याचे फुटवे लावा. गाळ वाफ्यात राहील आणि खड्ड्याचं आयुष्य वाढेल. भांड्यांचं पाणी येत असेल तर तोंडाशी जाळी ठेवा, खरकटं रोज काढा. ही मेहनत आहे. ती नाही असं मी म्हणत नाही.

इथे कुणी म्हणेल, मोरीच्या पाण्यावर आमच्या आज्यांनी अळू, केळ, कर्दळ लावली, मोथा कशाला? केळीला आणि कर्दळीला माझा मुजरा. दोघींना ऊन हवं, आणि जिथे ऊन आहे तिथे त्याच लावा. पण अळूचा मी विचार करतो तेव्हा अडतो. पूर्वीच्या मोरीत राख आणि शिकेकाई जायची. आजच्या मोरीत कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण आणि फरशीचं ॲसिड जातं. त्या पाण्यावर वाढलेलं पान पोरांच्या पोटात जावं असं मला वाटत नाही. मोथा पोटात जात नाही, आणि या जागेसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. ॲसिड मात्र त्यालाही सोसत नाही. ते वाफ्यात सोडायचं नाही.

डास आणि साप यांचं थोडक्यात. डास झाडानं होत नाहीत, साचलेल्या पाण्यानं होतात. वाफ्यात पाणी वाळूच्या पोटात राहिलं, वर तरंगलं नाही, तर अंडी घालायला डासाला जागाच नाही. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवणाऱ्यांनी मात्र आरोग्य खातं सांगतं तो आठवड्याचा कोरडा दिवस पाळलाच पाहिजे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. सापाची भीती रास्त आहे. वाळके देठ तसेच ठेवले तर दाट पुंजक्यात उंदीर शिरतो, आणि उंदरामागे तो. म्हणून पुंजका दाराला आणि न्हाणीच्या पायरीला लागून नको, आणि पिवळे देठ बुडापासून कापत राहायचे. शेळीबद्दल काय सांगू? उस्मानाबादी शेळीच्या मुलखात तिचं तोंड पोचेल तिथे कोवळं काही टिकेल याची हमी कुणी देऊ नये. घरामागच्या भिंतीआडची जागा त्या दृष्टीनं बरी.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी ऐकू येतो, तोही शेतकऱ्याकडून नव्हे, शिकलेल्या निसर्गप्रेमींकडून. 'परदेशी झाड आहे. घाणेरीही बागेची शोभा म्हणूनच आली होती. जलपर्णीही. आता काय झालं बघा.' हे म्हणणं खरं आहे, आणि यावर मी एक शब्दही परतवणार नाही. अंब्रेला पाम काही उष्ण देशांत बागेतून निसटून ओढ्याकाठी पसरला आहे. त्याची बी ओल्या गाळात रुजते, तुटलेली छत्री पाण्यावरून वाहत जाऊन दुसरीकडे मुळं धरते. ज्या गुणामुळे तो बरणीत रुजतो, त्याच गुणामुळे तो ओढ्यातही रुजू शकतो. पण याचा अर्थ तो घरामागे लावू नये असा होत नाही. तो ओढ्यात, तळ्यात, पाझर तलावाच्या काठी लावू नये असा होतो. आमच्या बालाघाटच्या पठारावर वर्षातले सात-आठ महिने ओढे कोरडे असतात आणि अंगणाबाहेरच्या कोरड्या मुरमात हे झाड एक उन्हाळा काढत नाही. तरीही फुलोरा तपकिरी पडण्याआधी कापायचा, छाटलेल्या छत्र्या उन्हात वाळवायच्या आणि मगच खतात घालायच्या, ओढ्याच्या अंगाला कधीही फेकायच्या नाहीत. एवढं बंधन ज्याला पाळवत नसेल त्यानं हे झाड लावू नये, असं मी स्पष्ट सांगतो. ज्याला देशीच हवं त्यानं पावसाळ्यात ओलसर कडेला आपोआप उगवणारा, पांढऱ्या गोल बोंडाचा बुटका मोथा बघावा. अर्ध्या सावलीत, ओल्या जागी तो जमीन छान झाकतो. उंची आणि रुबाब त्याच्यात नाही, आणि तो रांगतो, म्हणून कड बांधून घ्यावी लागते.

उलट टोकाची माणसंही आहेत. परदेशी बागांचे फोटो बघून त्यांना सोनेरी कडांच्या पानांचा जपानी केरेक्स हवा असतो. 'सावलीसाठी सर्वोत्तम, काळजी नको' असं त्याच्याबद्दल लिहिलेलं असतं. ज्या हवेसाठी ते लिहिलं आहे तिथे ते खरं असेल. तो जपानच्या दमट, थंड डोंगरांतला. आमच्या मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवेत दमटपणा नसतो, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्यात त्याची पानं टोकापासून करपत येतात, आणि एवढे पैसे मोजून आणलेलं झाड डोळ्यांदेखत जातं. सावली म्हणजे सगळीकडे एकच सावली, असं धरून चालणाऱ्यांचं हे नुकसान आहे. आमच्याकडेसुद्धा दोन सावल्या आहेत. कडुनिंबाखालची सावली कोरडी असते. झाडाची मुळं वरचं पाणी ओढून घेतात आणि खाली पानगळीचा थर. तिथे अंब्रेला पामही लावू नका, तो तहानेनं मरेल. न्हाणीमागची, उत्तरेच्या भिंतीलगतची, माळवदाच्या पन्हाळीखालची सावली ओली असते. मी जे काही बोलतो आहे ते त्या ओल्या सावलीबद्दल.

आणि मग तो प्रश्न, जो सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी आहे: 'याचा उपयोग काय?' उपयोग सांगायचाच तर या कुळाचा इतिहास लहान नाही. तापातली तहान शमवायला चरकसंहितेत जे षडंगपानीय सांगितलं आहे, त्या सहा द्रव्यांत मोथा आहे. दिवाळीच्या पहाटे ज्या उटण्याचा वास साऱ्या घरात भरतो त्यात नागरमोथा आहे. ज्या लव्हाळ्याला रानात शिव्या, त्याच्या किंवा त्याच्या भाऊबंदाच्या गाठी सुकवून, कुटून आपण वर्षातून एकदा अंगाला लावतो. महापुरात मोठी झाडं वाहून जातात पण लवून राहणारा लव्हाळा वाचतो, हा दाखला तुकोबांनी लहानपण मागताना दिला, तो वारकऱ्यांच्या घरात कुणाला माहीत नाही? २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पूर आला आणि रानंच्या रानं खरडून गेली, तेव्हा मुळांनी माती धरून ठेवणं म्हणजे काय हे या भागानं डोळ्यांनी पाहिलं.

पण शोभेच्या मोथ्याचा बचाव मी या उपयोगांवर उभा करणार नाही. त्याला ना उटण्यात जागा, ना काढ्यात. तो फक्त हिरवा आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं. ईटमधल्या कुठल्याही जुन्या घरात जा. पुढे ढाळज, अंगण, तुळस, पाहुण्यांच्या खुर्च्या. तिथली रांगोळी आणि जास्वंद सगळ्यांना दिसते. मागे न्हाणी, धुण्याचा दगड, हौद, भांड्यांचा ढीग. पहाटे पाचला बाई तिथे जाते, आणि रात्री शेवटचं पातेलं तिथेच पालथं घालते. घरातलं सगळ्यात जास्त काम या जागेत होतं, आणि घरातला सगळ्यात जास्त चिखल, शेवाळ आणि वासही याच जागेत. पुढच्या अंगणात शोभेची झाडं लावताना 'उपयोग काय' असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मागच्या बाजूला दोन वाफे मागितले की मात्र उपयोगाचा हिशेब मागितला जातो. हा भेद मला खटकतो. जिथे ती दिवसाचे तास घालवते तिथे तिच्या डोळ्यांपुढे ओलसर, ताठ, हिरवं काहीतरी असावं, पायाखाली चिखल नसावा, एवढी ही मागणी आहे. ती चैन नाही. गवंड्याकडून चार फूट भिंत, वाफ्यापुरती खडी, वाफ्यापुरती वाळू आणि शेजारणीकडून मागून आणलेल्या चार छत्र्या, एवढ्यात ती भागते.

ज्यांना अजूनही शंका आहे त्यांना मी वादाला बोलावत नाही, करून बघायला सांगतो. तळाला भोक नसलेल्या दोन जुन्या बादल्या घ्या. एकीत लव्हाळ्याच्या पाच गाठी, दुसरीत अंब्रेला पामची मुळं फुटलेली एक छत्री. दोन्हींत सारखी माती. मृगाच्या पावसाला दोन्ही बादल्या न्हाणीमागच्या दाट सावलीत शेजारीशेजारी ठेवा. पावसाचं पाणी तुंबलं तर ओतून टाका, वर तळं होऊ देऊ नका. खुरपायचं नाही, तण काढायचं नाही, दोन्हींना सारखंच वाढू द्यायचं. आणखी पाच गाठी तिसऱ्या बादलीत लावून ती माळवदावर भर उन्हात ठेवा, म्हणजे ऊन-सावलीचा फरक कळेल. दिवाळीत फराळाचं आटोपलं की अंगणात पोतं पसरून तिन्ही बादल्या उलट्या करा आणि माती हातानं फोडून गाठी मोजा. मोजताना सुनेला शेजारी बसवा, रानातल्या गाठी तिनं तुमच्यापेक्षा जास्त वेचल्या आहेत. मग मामा, पुढचं बोलू.